टीचर, तुमचं स्टॉपवॉच माझ्याकडेच आहे

टीचर,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही ‘आधी चहा घे’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता बदला विषय!

२०१८ ची चवथ नुकतीच झाली होती. मी नववीत. तालुक्याच्या स्पर्धेत ४०० मीटरला दुसरी आले आणि बाबांच्या मोबाइलवर वेळ आली ६६.९ सेकंद. संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या वाड्यावर सांगूनही झाली. सोमवारी तुम्ही वहीत लिहिलंत ६८.४. मी म्हटलं, बाबांनी मोजलंय. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘शर्यत सोडताना आपटतात त्या फळ्यांचा आवाज ऐकून बाबा मग बटण शोधतात. मी फळ्या मिटताना बघून दाबते.’ दीड सेकंद गेला! इतका राग आला होता तुमचा की मी आठवडाभर तुमच्या स्कूटरकडेसुद्धा पाहिलं नाही.

मग तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत आणि टेबलावरच खडूने तीन आकडे लिहिलेत: ५१.३२, ५१.४६, ५०.७९. धावपटू हिमा दासच्या त्या वर्षीच्या ४०० मीटरच्या तीन फायनल. ‘यातलं सुवर्ण कुठलं?’ मी अर्थातच ५०.७९ वर बोट ठेवलं. ते जकार्ताच्या एशियाडमधलं रौप्य निघालं, राष्ट्रीय विक्रम असूनही. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुलात ५१.३२ ला ती सहावी होती. आणि तिन्हींत सगळ्यात हळू पळालेली ५१.४६, ती १२ जुलैची, फिनलंडमधल्या टाम्पेरेची. वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेतलं सुवर्ण! जागतिक स्पर्धेत ट्रॅकवर सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय.

‘पदक बाजूच्या लेनमध्ये कोण आहे त्यावरही ठरतं गो,’ तुम्ही म्हणालात. ‘वेळ तेवढी आपली. ती तरी खोटी लिहू नको.’

त्या वहीत माझी एकही वेळ तुम्ही गोड करून लिहिली नाहीत. त्याबद्दल हे पत्र आहे. बूट, खारीक-शेंगदाणे, बाबांना समजवायला पावसात घरी येणं, त्या सगळ्याचे आभार वेगळे, ते आई मानेल.

टाम्पेरेची शर्यत तुम्ही किती वेळा थांबवून थांबवून दाखवलीत! शेवटच्या वळणावर हिमा चौथी. मग सरळ रेषेत एकेक मागे. मला वाटायचं तिने वेग वाढवला. तुम्ही म्हणायचात, नीट बघ, वाढवत कोणीच नाहीय. सगळ्याच मंदावताहेत, ही कमी मंदावतेय. आमच्या मैदानाची एक फेरी २०० मीटरची. पावसात फक्की टिकायची नाही म्हणून वळणावर तुम्ही नारळाची सोडणं मांडायचात, आणि पहिली फेरी संपताना ओरडायचात, ‘एकतीस! हावरट!’ हळूहळू मी ती जरा राखून पळायला शिकले, तेव्हा कुठे दुसरी फेरी पळण्यासारखी राहिली. बारावीत ६५.२ झाले. वहीत तुम्ही त्याखाली रेघ मारलीत. शाबासकी म्हणून एवढंच.

२०२१ मध्ये मांडीचा स्नायू दुखावून हिमाचं टोकियो ऑलिंपिक हुकलं, तेव्हा माझीही पायाची नळी दुखत होती. तुम्ही वहीत रोज ‘विश्रांती’ लिहायचात, तारखेसकट. ती पानं मी अजून उघडत नाही.

२०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय खेळांना आपण बांबोळीच्या स्टेडियमवर गेलो होतो. इलेक्ट्रॉनिक बोर्ड समोर असताना तुम्ही गॅलरीतून स्वतःच्या हाताने वेळ घेत होतात आणि दोन-तीन दशांशांचा फरक आला की ‘म्हातारी झाले’ म्हणत होतात. येताना स्टॉपवॉच माझ्या पिशवीत राहिलं.

सेल बदललाय, दोरी जुनीच ठेवलीय. चवथीला येते तेव्हा आणून देते. चहा पिईन, पण आधी वही दाखवा.

तुमची,
६८.४