‘कॉफी मार्गा’वरून माणसेही नेली गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रान्सचे ल आव्र बंदर ते कॅरिबियनमधील मार्टिनिक हे फ्रेंच बेट, या ‘कॉफी मार्ग’ शर्यतीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख एका बैठकीत वाचून काढला. मराठी वर्तमानपत्रात शिडाच्या बोटींना अर्धे पान मिळाले याचा फार आनंद झाला. पण लेखातून मोठी गोष्ट सुटली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी व्यापारी जहाजांवर तीस वर्षे काढली. आमच्याकडे इंजिन होते, वीस-बावीस माणसे होती, वेळेवर गरम जेवण होते. या शर्यतीत बोटीवर दोघेच. एक जण आडवा झाला की शिडे, सुकाणू, हवामान, सगळे दुसऱ्याच्या अंगावर. बिस्केच्या उपसागरात हिवाळ्याच्या तोंडावर हे करायचे म्हणजे काय, हे तिथल्या लाटा पाहिलेल्यालाच कळेल. आपल्याकडे लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ अशी पृथ्वीप्रदक्षिणा केली. फॉकलंडमधील पोर्ट स्टॅन्लीपासून केप टाउनपर्यंत दक्षिण अटलांटिकही त्यांनी असाच दोघींनी पार केला. त्यामुळे हा खेळ आपल्याला परका राहिलेला नाही.

१९९९च्या शर्यतीत अटलांटिकमधील अझोर्स बेटांजवळ पॉल वातीन आणि जाँ मोरेल यांची ट्रायमरान, म्हणजे तीन सांगाड्यांची शिडाची बोट, उलटली. मोरेल वाचले, वातीन परतले नाहीत. ते ल आव्रचेच. शर्यतीपूर्वी बोटी ज्या गोदीत उभ्या असतात, तिला आज त्यांचे नाव आहे. आपल्या दर्यावर्दीची आठवण अशी जपणाऱ्या बंदराबद्दल मला आदर वाटतो. म्हणूनच त्याच पाण्यात गेलेल्या बाकीच्यांची नोंद कुठे आहे, हे विचारावेसे वाटते.

लेखात गाब्रिएल द क्लिय या फ्रेंच अधिकाऱ्याची गोष्ट आहे. १७२०च्या दशकात त्याने कॉफीचे रोप मार्टिनिकला नेले आणि वाटेत पाणी कमी पडले तेव्हा स्वतःच्या वाट्याचे पाणी रोपाला घातले, अशी ती कथा. गोष्ट गोड आहे. पण पुढे त्या बेटांवर मळे पसरले, त्यात राबले कोण? आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे. फ्रेंच जहाजांनी दहा लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली आणि ल आव्र हे त्या व्यापाराच्या मुख्य फ्रेंच बंदरांपैकी एक होते. १७८०च्या दशकात जगातली सुमारे निम्मी कॉफी एकट्या सां-दोमँग, म्हणजे आजच्या हैतीमधून येत होती, ती याच लोकांच्या घामातून. आज शर्यतीच्या बोटी ज्या व्यापारी वाऱ्यांवर पश्चिमेला धावतात, त्याच वाऱ्यांनी ती जहाजेही ढकलली.

आणि यात आपलेही कापड होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जाई, त्यात गुजरातचे आणि कोरोमंडल किनाऱ्याचे सुती कापड भरपूर असे. आपल्या विणकरांना ते कुठे जाते हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला आज ठाऊक आहे.

खुद्द नॉर्मंडीत, म्हणजे ल आव्र ज्या प्रांतात आहे तिथे, हा विषय झाकलेला नाही. २०२३ साली ल आव्र, रुआँ आणि ऑन्फ्लर या तिन्ही गावांत मिळून गुलामगिरीच्या स्मृतींवर प्रदर्शन भरले होते. मार्टिनिकमध्ये तर २२ मे ही सुट्टी असते. १८४८ साली त्या दिवशी गुलाम उठले आणि दुसऱ्याच दिवशी बेटावर गुलामगिरी संपल्याचे जाहीर करावे लागले. विजेत्या बोटी मार्टिनिकची राजधानी फोर-द-फ्रान्सला लागतात, ते याच लोकांच्या वंशजांचे गाव.

शर्यत थांबवा किंवा तिचे नाव बदला, असे माझे म्हणणे नाही. ती होत राहावी, आणि एखादी मराठी जोडी तिथे उतरलेली मला या डोळ्यांनी पाहायची आहे. विनंती एवढीच, की शर्यत दर दोन वर्षांनी असते, तेव्हा पुढच्या वेळी आपण नकाशा छापाल. त्यात ल आव्र ते मार्टिनिक ही एकच रेघ नको. ल आव्र, आफ्रिकेचा किनारा, कॅरिबियन बेटे आणि पुन्हा ल आव्र, असा पूर्ण त्रिकोण काढा.

आपला,
एक निवृत्त दर्यावर्दी, मालवण