वायफायच्या लॉगिन पेजला नीट सर्टिफिकेट बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आता तालुक्याच्या गावातही अभ्यासिका, वाचनालय, हॉस्टेल सगळीकडे वायफाय आलंय आणि कनेक्ट केलं की आधी मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका असं पेज येतं. नेट कोण वापरतंय याची नोंद हवीच, त्यामुळे लॉगिन असावं हे मलाही मान्य आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्या पेजच्या आधी ब्राउझर सांगतो की हे कनेक्शन सुरक्षित नाही, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, "काही होत नाही, अ‍ॅडव्हान्स्डवर जाऊन पुढे जा." एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं रोज हेच करतात, आणि उद्या बँकेच्या नकली साइटवर हीच वॉर्निंग आली तर ती का थांबतील?

मी नेटवर्किंगचंच काम करतो, हे सहज टाळता येतं. लॉगिन न झालेल्या मोबाइलची साधी एचटीटीपी रिक्वेस्ट (कुलूप नसलेल्या साध्या पेजची मागणी) राउटर अडवतो आणि लॉगिन पेजकडे वळवतो. एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित साइटची रिक्वेस्ट, वळवायला गेलं की वॉर्निंग येणारच, कारण त्या साइटच्या नावाचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा ब्राउझर तपासतो तो डिजिटल दाखला, राउटरकडे नसतं, तरी सेटिंग करणारे तो ऑप्शन चालू ठेवतात. गरजच नाही त्याची, अँड्रॉइड आणि आयफोन वायफायला जोडल्याबरोबर स्वतःहून एक साधी रिक्वेस्ट पाठवून बघतात आणि ती अडली की साइन इन करा असं दाखवतात.

लॉगिन पेजला स्वतःचं डोमेन नाव द्या आणि त्यावर खरं सर्टिफिकेट बसवा, लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून ते फुकट मिळतं, फक्त मुदत थोडी असते म्हणून रिन्यूअल ऑटोमॅटिक करायचं, नाहीतर काही महिन्यांत परत तीच वॉर्निंग. जुन्या काही कंट्रोलरवर (वायफाय सांभाळणाऱ्या यंत्रावर) पेजचा पत्ता १.१.१.१ ठेवलेला असतो तोही बदला, तो आता दुसऱ्याचा आहे, २०१८ पासून क्लाउडफ्लेअर कंपनीची डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) त्याच पत्त्यावर आहे.

आणखी एक, तळघरातल्या अभ्यासिकेत मोबाइलला रेंजच नसते, ओटीपी येणार कुठून? तिथे रजिस्टरमध्ये नाव लिहून कूपन कोड द्यावा. जन्मतारीख, आधार नंबर कशाला मागता, नेट द्यायला ते लागत नाही.

संस्थाचालकांना विनंती, बिल देण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर एकदा लॉगिन करून बघा आणि वॉर्निंग आली तर काम पूर्ण झालं असं लिहून देऊ नका.

आपला,
एक नेटवर्क टेक्निशियन, सातारा