दस्तुरी नाक्यापासूनचे तीन किलोमीटर : पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : माथेरानच्या हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा आणि अमन लॉज–माथेरान शटलला जादा फेऱ्या मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

माथेरानच्या बाजारपेठेत आमची खानावळ आहे, मागच्या अंगाला भाड्याने द्यायच्या चार खोल्या आहेत. म्हणजे या पत्रात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. पाहुणा वर आला तर आमची चूल पेटते. तो दस्तुरी नाक्यावरूनच, म्हणजे मोटारी जिथे थांबतात तिथूनच, वैतागून मागे फिरला तर पोळ्यांची कणीक तशीच राहते.

माथेरानचं पर्यटन वाढवायचं म्हटलं की मुंबईत बसलेल्यांना नवीन काहीतरी आणावंसं वाटतं. रोपवेची चर्चा तर आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. कुणाला महोत्सव हवा असतो, कुणाला रोषणाई. माझं म्हणणं एवढंच आहे की इथे नवीन काही आणू नका. जे आहे तिथपर्यंत माणूस धडपणे पोचू दे. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतचे साधारण तीन किलोमीटर नीट झाले तर बाकीचं आम्ही बघून घेऊ. आमचा धंदाच तो आहे.

आम्ही विकतो काय, हे एकदा स्पष्ट बोलायला हवं. थंड हवा महाबळेश्वरलाही मिळते. दरी लोणावळ्यालाही दिसते, आणि चिक्कीची दुकानं तर तिथे आमच्याहून जास्त. आमच्याकडे एकच गोष्ट अशी आहे जी या दोघांकडे नाही : इथे गाडी येत नाही. 4 फेब्रुवारी 2003 च्या केंद्राच्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं आणि रुग्णवाहिका, अग्निशमन सोडून मोटारींना वर बंदी आली. त्याच्या आधीही गाड्या वर फिरत नव्हत्याच, ती रीत जुनी आहे. मुंबईचं पोर इथे येऊन रस्त्याच्या मधोमध पळतं आणि आई त्याला ओढून कडेला घेत नाही. पाहुणे या गोष्टीचे पैसे देतात, आमच्या पिठलं-भाकरीचे नव्हे. (पिठलंही चांगलं असतं, पण तो वेगळा विषय.)

मोटार नको म्हटलं की प्रश्न उरतो, मग माणसाला वर आणायचं कुणी? हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा आहे. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून आला आणि सरकारदरबारी माथेरान जन्माला आलं. ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून होत्या, पण त्यांनी कुणाला अहवाल पाठवला नव्हता. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने जागेत लक्ष घातलं, वाटा आखल्या गेल्या, बंगले उठले. लुईझा, अलेक्झांडर, हार्ट अशी पॉइंटांची नावं पडली. तळ्याला शार्लोटचं नाव मिळालं. ही साहेब मंडळी नेरळला आगगाडीतून उतरायची आणि तट्टावर बसून नाहीतर पालखीतून वर यायची. पालखी म्हणजे माणसांचे खांदे. त्या खांद्यांच्या नावाने इथे एकही पॉइंट नाही.

मग आले सर आदमजी पीरभाय. मुंबईतले बोहरी उद्योगपती, शहराचे शेरीफही राहिलेले. ते एकदा नेरळला उतरले, वर जायला ना तट्टू मिळालं ना पालखी, तेव्हा त्यांनी ठरवलं की इथे रेल्वेच आणायची, अशी गोष्ट गावात सांगतात. गोष्ट खरी असो नसो, पैसा खरा होता. 16 लाख रुपये, त्या काळचे. मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं. 1904 मध्ये सुरुवात झाली, 22 मार्च 1907 ला गाडी सुरू झाली. दोन फुटी रूळ, वीसेक किलोमीटरची वळणावळणांची चढण, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही वाटेतली स्टेशनं. मला यातली धंद्याची समज मोठी वाटते. वर काय आहे याची त्या कुटुंबाला चिंता नव्हती, वरचं वर होतंच. त्यांनी सगळा पैसा वाटेत घातला, आणि माथेरान साहेबांपुरतं होतं ते गिरगाव-दादरच्या माणसालाही परवडू लागलं. शंभर वर्षं आमच्या आजे-पणजांची पोटं त्या वाटेवर भरली.

ती वाट आता वरचेवर तुटते. 26 जुलै 2005 च्या पावसाने रूळ वाहून गेले, गाडी पुन्हा यायला 2007 उजाडलं. 2016 मध्ये डबे घसरले, गाडी बंद. 2018 मध्ये सुरू झाली, 2019 च्या पावसाळ्यात दरडींनी पुन्हा बंद. नेरळहून वर येणारी गाडी परत दिसली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. पावसाळ्याचे चार महिने नेरळची गाडी तशीही बंदच असते, तेव्हा फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंतची शटल गाडी चालते. डोंगर आहे, दरडी येणार, रेल्वेच्या माणसांनी भर पावसात केलेलं काम आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण ही रेल्वे युनेस्कोच्या संभाव्य यादीत असल्याचं आपण भाषणांत अभिमानाने सांगतो आणि शनिवारी सकाळी अमन लॉजच्या खिडकीपुढे रांग इतकी असते की शेवटच्या माणसाला तिकीट मिळेपर्यंत त्याचा चेक-इनचा वेळ निघून जातो.

शनिवारी तुम्ही दस्तुरीला या. लाल दिव्याशिवाय, पोराबाळांसकट, दोन बॅगा आणि एक म्हातारी आई घेऊन. नेरळच्या घाटात गाड्यांची रांग, पार्किंग भरलेलं, आणि उतरल्या उतरल्या चहूकडून आवाज : घोडा घ्या, शटल बंद आहे, ई-रिक्षा नाही, फार लांब आहे. खरं काय, खोटं काय, नव्या माणसाला कळायला मार्ग नाही. मार्च 2025 मध्ये आम्ही गावकऱ्यांनी बेमुदत बंद पुकारला तो याच फसवणुकीविरुद्ध. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने ऐन शिमग्याच्या दिवसांत आपलीच दुकानं बंद करावीत, यावरून काय ते समजा. घोडेवाल्यांना सरसकट दोष देणाऱ्यातली मी नाही. घोडा रोज खातो, पाहुणा मात्र शनिवार-रविवारीच येतो. पण खोटं बोलून मिळवलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि जाऊन आणखी दहा जणांना थांबवतं.

आता हातरिक्षाबद्दल. पुढे एक जण दांडा धरून ओढतो, मागून दोघे रेटतात, वर बसलेला माणूस फोटो काढतो. मीही कितीतरी पाहुण्यांना हातरिक्षा बोलावून दिली आहे, कारण ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी दुसरी सोयच नव्हती. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की हे माणुसकीला धरून नाही, सहा महिन्यांत थांबवा. नुसतं थांबवा म्हटलं नाही. गुजरातच्या केवडियात जशी योजना आहे, तशी राज्याने स्वतः ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात, उरलेल्या इथल्या आदिवासी महिलांना आणि इतर गरजूंना द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. संख्या किती लागेल ते प्रत्यक्ष स्थिती बघून माथेरानवर देखरेख ठेवणाऱ्या सनियंत्रण समितीने ठरवायचं आहे. 6 फेब्रुवारी 2026 ही त्या सहा महिन्यांची हद्द.

इथे हिशेब समजून घ्या. हातरिक्षाचे परवाने 94. ई-रिक्षा चालवून बघायचा पथदर्शी प्रयोग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला तो सात गाड्यांवर, आणि पुढे न्यायालयाने मर्यादा घातली ती वीसची. 2024 मध्येच न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की या गाड्या फक्त हातरिक्षावाल्यांना, त्यांचा रोजगार जातो त्याची भरपाई म्हणून द्यायच्या. वीस गाड्या 94 घरांत कशा वाटणार? पाळीपाळीने चालवल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातले किती दिवस येतात, आणि ते दिवस शनिवार-रविवार असतात की मंगळवार? मंगळवारी माथेरानात माकडंच फिरतात. हा हिशेब तुमच्या खात्यात कुणी मांडला असेल तर तो आम्हाला वाचायला द्या. मांडला नसेल तर तो पुण्या-मुंबईच्या सल्लागार कंपनीला देऊ नका, हातरिक्षावाल्यांच्या संघटनेला विचारा, ते अर्ध्या तासात मांडून देतील.

माझी भीती उघड सांगते. गाड्या येतील, पण ठेकेदाराच्या नावावर. ठेकेदार ड्रायव्हर नेमेल, कधी बाहेरचा. ज्याने वीस-पंचवीस वर्षं दांडा ओढला तो बॅगा उचलायला उभा राहील, आणि कागदावर आपण सगळे माणुसकीने वागलो असं होईल. परवाना ज्या हाताने रिक्षा ओढली त्याच हाताच्या नावावर निघाला पाहिजे, आणि तो विकता किंवा भाड्याने देता येऊ नये.

आमच्या बाजारात गेल्या वर्षी युरोप करून आलेलं एक पाहुणं जोडपं उतरलं होतं. झरमॅटचं कौतुक करत होते, स्वित्झर्लंडमधलं, तिथेही मोटारी नाहीत. मला हेवा वाटला तो बर्फाचा नाही, व्यवस्थेचा. गाड्या खालच्या टॅश गावात ठेवायच्या, तिथून शटल ट्रेन दर वीस मिनिटांनी, बारा मिनिटांत वर. गावात फिरायला छोट्या विजेच्या गाड्या आणि घोड्यांच्या बग्ग्या. म्हणजे नेमकं दस्तुरी, अमन लॉज, ई-रिक्षा आणि घोडा. त्यांच्याकडे जे आहे ते सगळं आपल्याकडे आहे, वेळापत्रक सोडून. मराठी माणूस लाखभर रुपये भरून तिथे जातो आणि मोटारी नसल्याचं कौतुक करतो. माथेरानला आला की विचारतो, "गाडी हॉटेलपर्यंत का नाही जात हो?" त्याचा दोष नाही. तिथे चालायची वेळ आली तर ते सहल वाटतं, इथे आपण त्याच चालण्याची शिक्षा करून ठेवली आहे.

अडचण कुठे आहे तेही आम्हाला ठाऊक आहे. रेल्वे केंद्राची, संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना केंद्राची, जंगल वनखात्याचं, गावातला रस्ता नगरपरिषदेचा, सनियंत्रण समितीच्या प्रमुखपदी जिल्हाधिकारी. पर्यटनमंत्री म्हणून तुम्ही म्हणाल, यातलं माझं काय? तुमचं एवढंच की या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायला दुसरं कुणाकडेच कारण नाही. रेल्वेच्या दृष्टीने ही छोटी, तोट्याची लाईन आहे. वनखात्याला पाहुणा म्हणजे कचरा. ज्या एका खात्याचा फायदा या तीन किलोमीटरवर अवलंबून आहे ते तुमचं आहे.

म्हणून मागणी. ई-रिक्षांच्या खरेदीचा पैसा पर्यटनाच्या तरतुदीतून द्या आणि त्या 94 जणांपासून सुरुवात करा. शनिवार-रविवार, मे महिना आणि दिवाळीत शटलच्या फेऱ्या वाढाव्यात म्हणून रेल्वेला नुसतं विनंतिपत्र पाठवू नका, डब्यांच्या खर्चात राज्याचा वाटा किती ते लिहून पाठवा. रेल्वे अशा कागदाला उत्तर देते. दस्तुरीवर शटलची पुढची वेळ, शिल्लक तिकिटं, ई-रिक्षा, घोडा आणि हमालीचे दर दाखवणारा एक मोठा फलक मराठी, हिंदी, गुजरातीत लावा, आणि त्याच्याखाली बिल्ला लावलेला एक माणूस बसवा. याला ना कोर्टाची परवानगी लागते ना केंद्राची. रस्त्याचं म्हणाल तर न्यायालयाने दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला मान्यता दिली आहे, आतल्या रस्त्यांना आणि पायवाटांना नाही. तेवढ्यावर थांबा. आतली लाल माती लाल राहू द्या, पॉइंटापर्यंत ब्लॉक गेले की त्यामागून चाकं येतात.

आणि एक, ई-रिक्षेवर पहिला हक्क शाळेच्या पोरांचा आणि दवाखान्यात जाणाऱ्यांचा ठेवा. चार-साडेचार हजारांची आमची वस्ती आहे. इथली माणसं पाहुण्यांसाठी मांडलेली सजावट नाहीत. याच गावच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांनी इथल्या गरिबांसाठी धान्याची पेढी काढली होती. त्यांच्या नावाने कार्यक्रमाला तुमच्या सरकारातलं कुणी ना कुणी येतंच. त्याच दिवशी हातरिक्षावाल्यांच्या परवान्यांचं वाटप ठेवलंत तर मांडवाचा खर्चही वाचेल.

पत्राचं उत्तर टपालाने पाठवलं तरी चालेल. ते दस्तुरीपर्यंत गाडीने आणि पुढे माणसाच्या पाठीवरून येईल.

कळावे,
माथेरान बाजारपेठेतली एक खानावळवाली

ता. क. : घोडेवाल्यांचा विचार वरच्या मागण्यांत आला नाही असं आमच्या शेजाऱ्याने वाचून सांगितलं. बरोबर आहे. ई-रिक्षा वाढल्या की दस्तुरीहून येणारं त्यांचं भाडं कमी होणार. पॉइंट फिरवण्याचं काम मात्र घोड्यांकडेच राहावं, तिथे ई-रिक्षेला मनाई असावी, एवढं ई-रिक्षांच्या आदेशात एका ओळीत घाला. नाहीतर हातरिक्षावाले विरुद्ध घोडेवाले अशी नवी भांडणं लावून तुम्ही मोकळे व्हाल.