लपवायचा तो दिवा, ड्रायव्हर नव्हे

मा. संपादक,

महोदय,

घरसजावटीच्या पुरवण्यांत फॉल्स सीलिंगमधल्या छुप्या प्रकाशाची देखणी छायाचित्रे येतात. त्या उजेडामागे काय बसवले आहे, याबद्दल मात्र सहसा एक ओळही नसते. मग घरमालक छायाचित्र दाखवतो, पीओपीवाला खाच काढतो, रंगारी रंग मारून जातो आणि वायरमनची आठवण सगळ्यात शेवटी होते. छताच्या जिप्सम बोर्डाचा पहिला तुकडा लागण्याआधी वायरमनने सांगाडा पाहायला हवा.

छुप्या दिव्यात एलईडीच्या पट्टीच्या आधी बहुधा ड्रायव्हर बिघडतो, म्हणजे २३० व्होल्टचे २४ किंवा १२ करणारा डबा. त्याच्या आतले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापलेला, खाली बंद जिप्सम बोर्ड आणि मधल्या पोकळीत कोंबलेला ड्रायव्हर, अशी स्थिती असली की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. तो बदलायचा तर छत फोडा, लांबी (पुट्टी) भरा, पुन्हा रंग द्या. ड्रायव्हर माळ्यावर किंवा कपाटाच्या डोक्यावर हवेशीर जागी ठेवावा. ते जमत नसेल तर छतात फूटभर लांब-रुंद झाकण सोडावे. झाकण दिसते, अशी तक्रार इंटिरियरवाले करतात. दिसू द्या.

हिशेब बारा बाय दहाच्या खोलीचा घेऊ. कोव्हची, म्हणजे छताच्या कडेने काढलेल्या खाचेतली पट्टी साधारण ११ मीटर भरते. मीटरला १० वॅट धरले तर ११० वॅट झाले. ड्रायव्हर ११० चा घेऊन चालत नाही, कारण तो सतत पूर्ण भारावर तापतो. निदान वीस-पंचवीस टक्के जास्त, म्हणजे बाजारात मिळणारा पुढचा १५० वॅटचा घ्यावा. ११ मीटर पट्टी सलग जोडू नये. साडेपाच मीटरचे दोन तुकडे करून दोघांना ड्रायव्हरपासून स्वतंत्र, दीड स्क्वेअर एमएमची वायर द्यावी. पट्टीतले तांबे फार पातळ असते. एका टोकाने वीज दिली की दुसऱ्या टोकाला व्होल्टेज पडते आणि तिथला उजेड मंद होतो. गिऱ्हाईक पट्टीला नावे ठेवते, पण दोष जोडणीचा असतो. १२ व्होल्टच्या पट्टीत तेवढ्याच वॅटला प्रवाह दुप्पट लागतो, म्हणून मोठ्या खोलीत २४ व्होल्टच बरे. वीज फार जात नाही : रोज चार तास लावली तर साधारण अर्धा युनिट.

स्वस्तात मिळते म्हणून थेट २३० व्होल्टवर चालणारी रोप लाइट, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतली दिव्यांची दोरी, कोव्हमध्ये टाकायची पद्धत फोफावली आहे. तिच्या प्लगमध्ये बहुतेक वेळा केवळ एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर असतो, त्यामुळे पूर्ण व्होल्टेज प्लॅस्टिकच्या आवरणाखाली खोलीभर फिरते. कापलेल्या टोकाची टोपी निसटली की उघडी जिवंत तार आणि वर शिडीवर ओला ब्रश घेतलेला रंगारी! शिवाय हा उजेड सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला जाणवला नाही तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात. मांडवाला ती ठीक. घराच्या छतात नको.

आता खाचेबद्दल. कोव्हच्या कडेपासून वरच्या स्लॅबपर्यंत पाच-सहा इंच मोकळे हवेत. तीनच इंच सोडले तर उजेड छतावर पसरत नाही, भिंतीलगत पांढरा पट्टा तेवढा उमटतो. पुढची कड दीड-दोन इंच उंच ठेवावी, म्हणजे सोफ्यावरून एलईडीचे ठिपके दिसत नाहीत. वरच्या छताला मॅट रंगच द्यावा. चकचकीत रंगात प्रत्येक ठिपक्याचे प्रतिबिंब पडते. तिरपा उजेड प्लास्टरमधली प्रत्येक लाट उघडी पाडतो, तेव्हा लांबी घासून झाली की दिवा लावूनच छत तपासावे. पट्टी थेट पीओपीवर चिकटवली तर भुकटीमुळे काही महिन्यांत लोंबते. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवली की चिकटूनही राहते आणि उष्णताही निघून जाते.

स्वयंपाकघरात हाच दिवा खरा उपयोगी पडतो. छतावरचा दिवा पाठीमागे असल्याने ओट्यावर आपलीच सावली पडते. भिंतीवरच्या कपाटाखाली पट्टी लावताना ती मागे टाइल्सलगत न लावता पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला लावावी. दुधी झाकणाचे चॅनेल घ्यावे, नाहीतर पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटमध्ये ठिपके चमकतात. भाजीचा खरा रंग कळायला ४००० केल्व्हिन (उजेडाची छटा; आकडा कमी तितकी पिवळी) आणि ९० सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचे माप) पाहावा. दिवाणखान्यात ३००० केल्व्हिन पुरे. एका खोलीच्या सगळ्या पट्ट्या एकाच लॉटच्या घ्याव्यात.

ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि आर-क्रमांक पाहून घ्यावा, सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा आणि जोड टेप गुंडाळून न करता कनेक्टरने करावेत. बोर्ड बंद होण्यापूर्वी वायरिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. आपल्या पुरवणीत यापुढे अशी छायाचित्रे छापताना खाचेची मापे, पट्टीचे वॅट आणि ड्रायव्हरची जागा एवढे खाली द्यावे, ही विनंती.

आपला,
एक विद्युत कंत्राटदार, ठाणे