जुनं सागवान भंगारात देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

वाडे पडतायत आणि चांगलं सागवान भंगारवाला किलोवर उचलून नेतो, बघून जीव तुटतो म्हणून लिहितोय. मी घरीच गॅलरीत रंधा, पटाशी घेऊन बसतो. या पावसाळ्यात आजीचा पाळणा माळ्यावरून काढला, वर ऑइलपेंटचे तीन थर, खरवडले तर आत मधासारखा रंग आणि सांध्यात एक खिळा नाही, सगळं कुसू (खाचेत घट्ट बसणारं लाकडाचं टोक) बसवून केलेलं! एकच कुसू कुजलं होतं, ते नवीन केलं, लाखेचं पॉलिश मारलं, आता नात त्यातच झोपते. सागात मूळचंच तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही, साध्या प्लायवूडला पाणी लागलं की फुगतंच. फक्त जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी मारून, मास्क लावूनच खरवडा आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

- एक वाचक, पुणे