डावा हात आणि डोकं

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बाबांना हळूच विचारलंस, "आईला विसरायला होतंय का?" स्पीकर चालू होता. रागावले नाही मी, विचारलंस ते बरंच केलंस. दूध दोनदा मागवलं, बोलता बोलता मध्येच थांबले, भिशीच्या हिशेबात हातचा धरायचा राहिला. हे सगळं खरं आहे. पण त्याचं मूळ वयात नाही, डाव्या हातात आहे. फोनवर सांगायला गेले की धांदल होते, म्हणून लिहिते.

मनगटाचं हाड नीट जुळलंय, एक्स-रे स्वच्छ आहे. दुखणं मात्र प्लास्टर निघाल्यावर वाढलं. पंख्याचा वारा लागला तरी आग होते. तळवा कधी जांभळट नि गार, कधी लाल नि घामेजलेला. याला कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम म्हणतात. नाव १९९४चं, पण दुखणं जुनं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळीने नस दुखावलेल्या सैनिकांची अशीच आग वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८६४ मध्ये लिहून ठेवली. ते लोक हाताला सतत ओली फडकी गुंडाळून ठेवत. मला ते वाचून बाई, धीरच आला!

आता विचित्र भाग. डोळे मिटले की हा हात भाकरीच्या परातीएवढा वाटतो, बोटं कुठे संपतात ते कळत नाही. बघितलं तर उजव्याएवढाच. आणि तो माझा वाटतच नाही, कुणीतरी मांडीवर आणून ठेवल्यासारखा. मूठ वळायची तर त्याच्याकडे बघत बसावं लागतं. ऑस्ट्रेलियातले दुखण्याचे संशोधक लॉरिमर मोझली यांनी अशा रुग्णांना त्यांच्याच हाताचे लहान-मोठे केलेले फोटो दाखवले, तर त्यांना खऱ्यापेक्षा मोठा फोटो बरोबर वाटला. पुढे त्यांनीच दुर्बीण उलटी धरून हात लहान दाखवला, तर हलवल्यावरचं दुखणं आणि सूजही कमी भरली. मावशी म्हणते मनाचे खेळ. मेंदू काय शरीराबाहेर असतो?

फिजिओथेरपिस्ट बाई मला हातांच्या फोटोंचे पत्ते दाखवतात, डावा की उजवा ते सांगायचं. उजवा झटकन ओळखते, डाव्यापाशी अडते. त्या म्हणाल्या, ओळखताना मन आपला हात तसा फिरवून बघतं, आणि दुखरा हात फिरवायला ते कचरतं. मग तू बोलत असताना माझं निम्मं लक्ष या हाताची राखण करण्यात जातं, यात नवल काय? रात्रीची झोपही धड नाही, तिचाही वाटा आहेच.

तेव्हा "लक्ष देऊ नकोस" असं सांगू नकोस. ते मला जमत असतं तर बोंब कशाला होती! एका वेळी एकच गोष्ट विचार, उत्तराला थोडा वेळ दे. घरी आलास की माझ्या हातातलं काम ओढून घेऊ नकोस. वापर थांबला की हात आणखी परका होतो. मटार सोलायला बसले तर बसू दे, टोपलीभर व्हायला दुपार जाईना का.

आता आरशाचा व्यायाम सुरू आहे. डावा हात आरशामागे, उजवा पुढे, आणि आरशात बघत दोन्ही हलवायचे. डावाच न दुखता हलतोय असं दिसतं. फायदा सगळ्यांना होतो असं नाही, मला थोडा वाटतो. येताना एक साधा सपाट आरसा घेऊन ये, वीतभर तरी उंच. आपल्या जुन्याचा कडेचा पारा उडालाय, तिथे नेमकी करंगळी गायब होते.

तुझी,
आई