मिठीकाठची फेरी – रविवारची आठवण

मंडळी, रविवारी सकाळी ७ वाजता धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या फाटकाशी जमायचं आहे. एकेकाळी ही कचराभूमी होती. आता तिथे झाडी आहे, पलीकडे मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली ही नदी जेमतेम १८ किलोमीटरांत माहीमच्या खाडीला मिळते. उगमाच्या तलावांत मगरी, मुखाशी तिवरं आणि बगळे. मधल्या टप्प्यात मात्र सांडपाणी, प्लास्टिक आणि दोन्ही बाजूंनी भिंती. (२६ जुलै २००५च्या महापुरात तिने आपली जागा परत मागितली होती, विसरला नसालच.)

दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली आणा. चिखलात उतरायचं नाही, तिवरांची मुळं तुडवायची नाहीत. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.